रविवारी दुपारी भंडारदरा: चार मुक्कामांचा बेत

भंडारदऱ्याला जायचं तर रविवारी दुपारी पोहोचावं. शनिवारची गर्दी त्या वेळी गाड्या काढून परतीला लागलेली असते. संध्याकाळी पाचपर्यंत शेंडीचा, म्हणजे इथल्या बाजारगावाचा, नाका मोकळा होतो, आणि सोमवार ते गुरुवार तलाव, देऊळ, रस्ता, हॉटेलचा व्हरांडा सगळं निवांत मिळतं. खोलीचा दरही आठवड्याच्या मधल्या दिवसांत बऱ्याच ठिकाणी उतरतो. ज्यांनी हे ठिकाण फक्त ऑगस्टमधल्या एखाद्या रविवारी पाहिलं, त्यांनी बहुतेक वेळ पुढच्या गाडीची नंबरप्लेटच पाहिलेली असते. त्यांचं मत या जागेबद्दल वाईट झालं तर त्यात नवल नाही, पण ते मत बदलण्याजोगं आहे.

महिना ऑक्टोबरचा धरलाय. नवरात्र संपलं की निघायचं. धरण काठोकाठ असतं, ओढे अजून वाहतात, डोंगरउतारावर सोनकीची पिवळी फुलं असतात आणि खाचरांतला भात पिकायला आलेला असतो. मे महिन्यात तीच 'तलावासमोरची खोली' घेतली तर समोर आधी सुकलेल्या चिखलाचा भलामोठा पट्टा दिसतो आणि त्यापलीकडे पाणी. शेतीची आवर्तनं, म्हणजे कालव्यांना ठरावीक पाळीनं सोडलेलं पाणी, सुटून पातळी खाली गेलेली असते. उन्हाळ्यात जायचंच असेल तर मेअखेर ते जूनचे पहिले दहा-पंधरा दिवस काजव्यांसाठी जावं, तो वेगळा बेत आहे. ऑक्टोबरात सांभाळायची गोष्ट एकच: परतीचा पाऊस. सकाळ निरभ्र असते, दुपारी तीननंतर ढग चढतात, गडगडाट होतो, तासभर झोडपतो आणि थांबतो. म्हणून चालायचं, चढायचं ते सकाळी. दुपार हॉटेलात.

रविवार

मुंबईकडून कसारा घाट, इगतपुरी, घोटी. घोटीत नाशिकचा महामार्ग सोडला की शेंडीपर्यंत ३५ किमीच्या आसपास. ठाण्याहून एकूण दीडशे किमी धरा, वेळ चार तास. २०२५च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, त्यामुळे घाट टाळून बोगद्यातून इगतपुरीला निघता येतं. दुचाकीला मात्र त्या रस्त्यावर प्रवेश नाही. पुण्याहून चाकण, नारायणगाव, संगमनेर, अकोले, राजूर अशी वाट आहे, दोनशे किमीच्या घरात. नाशिकहून सत्तर.

एसटीने येणाऱ्यांनी कसारा लोकल किंवा इगतपुरीला थांबणारी गाडी धरून दुपारी तीनच्या आत घोटी गाठावं. तिथून भंडारदरा किंवा राजूरच्या बस आणि जीप मिळतात, पण अंधार पडला की त्या विरळ होतात आणि मग खास जीप करावी लागते. बसवर 'शेंडी' लिहिलेलं असलं तरी बिनदिक्कत बसा. भंडारदरा हे धरणाचं आणि ठिकाणाचं नाव, बाजार-वस्ती शेंडीत.

घोटीत तीन कामं उरकून घ्यावीत: टाकी भरणं, रोख पैसे काढणं आणि घरी फोन करणं. पुढे तलावाच्या पश्चिमेला मोबाईलची रेंज बेभरवशाची आहे, आणि रेंज नाही म्हणजे मोबाईलवरून पैसेही देता येत नाहीत. टपरीवाला, नाक्यावरचा वनविभागाचा माणूस, वाटाड्या यांना द्यायला शंभर-पन्नासच्या नोटा लागतात.

घोटी सोडल्यावर डावी-उजवीकडे भातखाचरं आणि समोर कळसूबाईची रांग. ही रांग ओलांडली की बारी. बारी म्हणजेच खिंड. गावाचं नाव रस्त्यानंच ठेवलंय. खिंडीच्या अलीकडे पडलेलं पाणी दारणेला जातं, पलीकडचं प्रवरेला. शेवटी दोन्ही गोदावरीलाच मिळतात, पण दारणा नाशिकच्या पुढे लगेच आणि प्रवरा थेट नेवाशाजवळ टोक्याला.

हॉटेल कसं निवडावं हे नीट सांगायला हवं, कारण इथे फसगत फोटोमुळे होते. खोली आरक्षित करताना फोनवर पाच प्रश्न विचारावेत. पहिला, खोलीतून पाणी दिसतं की हॉटेलच्या आवारातून? दुसरा, वीज गेली तर जनरेटरवर काय काय चालतं? बहुतेक ठिकाणी दिवे आणि पंखे चालतात, गिझर नाही. तिसरा, गरम पाणी सोलरचं की गिझरचं? सोलरचं असेल तर ऑक्टोबरात अंघोळ संध्याकाळी पाचला करावी. टाकी तेव्हा सर्वांत तापलेली असते. पहाटे येणारं पाणी कोमट असतं आणि आदला दिवस ढगाळ गेला असेल तर तेही नाही. चौथा, स्वयंपाकघर रात्री किती वाजता बंद होतं? आणि पाचवा, ड्रायव्हरच्या झोपण्याची सोय आहे का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'बघू' असं आलं तर दुसरं हॉटेल बघावं. घाटात गाडी चालवणारा माणूस रात्रभर सीटवर झोपून सकाळी पुन्हा चालवणार असेल, तर तो सगळ्यांच्याच जिवाचा प्रश्न आहे.

पर्यटन महामंडळाचं निवासस्थान तलावाच्या अगदी काठावर आहे. जागेच्या दृष्टीनं त्याला तोड नाही, म्हणून ते आधी भरतं. बाकी हॉटेलं आणि घरगुती मुक्काम शेंडीत, मुरशेतच्या बाजूला आणि रतनवाडीच्या वाटेवर पसरलेले आहेत. चार मुक्कामांसाठी शेंडीजवळचंच ठिकाण बरं. जेवणाचे पर्याय जवळ आणि बारी, रंधा धबधबा, रतनवाडी तिन्ही दिशांना जायला सोयीचं.

रविवारी दुपारी एक अडचण हमखास येते. आदल्या रात्रीच्या सगळ्या खोल्या एकदम रिकाम्या होतात आणि सफाईची माणसं तेवढीच असतात. दोनला पोहोचलात तर खोली साडेतीनशिवाय मिळणार नाही. हे गृहीत धरून जेवण आधी उरकावं. खोली मिळाली की पहिलं काम म्हणजे खिडक्या उघडून पंखा पूर्ण वेगावर सोडणं आणि गादी उभी करून बघणं. चार महिन्यांच्या पावसानं कापूस ओल धरतो. गादीला कुबट वास असेल तर तेव्हाच बदलून मागावी. रात्री दहाला कोरडी गादी शिल्लक नसते. सामानात पाच-सहा मीटर दोरी, चिमटे आणि जुनी वर्तमानपत्रं असावीत. ओल्या बुटांत कागदाचे बोळे कोंबले तर सकाळपर्यंत बरेच सुकतात. नुसते पंख्याखाली ठेवून नाही सुकत.

संध्याकाळी कुठेही जायचं नाही. काठावर बसायचं. सूर्य पश्चिमेच्या डोंगरांमागे गेला की पाण्याचा रंग आधी तांबूस, मग शिशासारखा होतो आणि वारा पडतो. त्या अर्ध्या तासासाठी इतका प्रवास केलेला असतो, तेव्हा बॅगा लावणं नंतर करावं.

सोमवार

आजचा दिवस पायी फिरता येईल एवढ्याच परिघात. सकाळी सातला चहा, मग धरणाकडे.

या धरणाचं काम १९१०ला सुरू झालं आणि १९२६ला पुरं झालं. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या नावावरून विल्सन डॅम, आणि मागच्या जलाशयाला आर्थर लेक. भिंत दगडी, उंची सुमारे ८२ मीटर, साठा ११ टीएमसी, म्हणजे ११ अब्ज घनफूट. शंभर वर्षांपूर्वी इथवर धड रस्ता नव्हता, हे लक्षात ठेवून भिंतीकडे बघावं. खालच्या बागेतून वर पाहिलं की भिंतीला पुढून दिलेले आधार दिसतात. ते मूळ बांधकामातले नाहीत. १९६९च्या सप्टेंबरात भिंतीतून गळती वाढली, तडे दिसले, पाणी उतरवावं लागलं. त्यानंतर पोलादी तारांचे दोर ताणून आणि हे टेकू बांधून भिंत मजबूत केली. बरेच जण त्यांच्याकडे पाठ करून फोटो काढतात. धरणाच्या माथ्यावर सर्वांना सोडत नाहीत. सुरक्षारक्षकाशी वाद घालण्यात अर्थ नाही.

छत्रीचा धबधबा म्हणजे अम्ब्रेला फॉल भिंतीच्या पायथ्याशी आहे. धरणातून सोडलेलं पाणी एका गोल फुगीर खडकावरून चहूकडे पसरत पडतं, म्हणून छत्री. पण तो नैसर्गिक धबधबा नव्हे. त्या तोंडातून पाणी सोडलं तरच तो असतो, नाहीतर काळा कोरडा खडक. हॉटेलवाल्याला सकाळी विचारलं तर तो नक्की सांगतो. पाणी सुरू असेल तेव्हा पायऱ्यांवर शेवाळ असतं. गुळगुळीत तळाच्या चपला खोलीतच ठेवाव्यात.

तलावात पोहायचं नाही. हा सल्ला सगळेच देतात, कारण मात्र कोणी सांगत नाही. हा बुडालेल्या दरीचा काठ आहे. तळ समुद्रकिनाऱ्यासारखा हळूहळू उतरत नाही; दोन पावलं घोट्याएवढं पाणी, आणि तिसऱ्या पावलाला तळ सापडत नाही. त्यात खाली गाळ. पाय रुततो, माणूस घाबरतो आणि जोरात हात मारायला लागतो. पाय बुडवून बसायचं तर खडक असलेल्या जागी बसावं. बोटीत जायचं तर सकाळी, वारा सुटण्याआधी, आणि जॅकेटाचे बंद नीट लावून. जॅकेट नुसतं खांद्यावर टाकलेलं असलं तर पाण्यात पडताच ते अंगावरून वर सरकून निघतं.

दुपारच्या जेवणाची ऑर्डर सकाळी नऊलाच द्यावी. गावरान कोंबडी मागितली तर दोन तास लागणारच. अर्ध्या तासात आली तर ती गावरान नसते. या भागाचं खरं जेवण म्हणजे नागलीची, म्हणजे नाचणीची भाकर, पिठलं, ठेचा, आणि काठावरच्या टपऱ्यांत तव्यावर परतलेला तलावातला मासा. नागलीची भाकर आवर्जून समोर बसून खावी. पिठाला चिकटपणा नसतो, म्हणून बाई आधी आधणाच्या पाण्यात पीठ टाकून उकड काढतात, ती गरम असतानाच हात ओले करत मळतात आणि पीठ भुरभुरलेल्या काठवटीत थापतात. उकड थंड झाली की भाकरीच्या कडा फाटतात. तव्यावर टाकल्यावर वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकायच्या आत उलटायची, आणि शेवटी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांवर उभी धरायची. मग ती फुगते. फुगल्यावर पाच-सात मिनिटांत खाल्ली तर मऊ, निवली की चिवट. म्हणून सहा जणांच्या भाकरी एकदम मागवू नयेत. एक संपत आली की दुसरी सांगावी. चूलवाल्या बाईंना त्याचा त्रास होत नाही, उलट तसंच खायचं असतं.

अकोले तालुक्याला बियाणांचं वेड आहे. बीजमाता म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, २०२०ला पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. जुन्या वाणांचा तांदूळ कुठे विकत मिळत असेल तर किलो-दोन किलो जरूर घ्यावा. नवा भात ऑक्टोबरात अजून खाचरात असतो, तेव्हा मिळेल तो गेल्या वर्षीचा. शिजवायला जुनाच चांगला, मोकळा होतो.

चार वाजता पाऊस नसेल तर रंधा. शेंडीहून राजूरच्या रस्त्याला दहाएक किमी. प्रवरा इथे सुमारे १७० फूट खाली कोसळते आणि अरुंद घळीत शिरते. धबधब्याजवळ घोरपडादेवीचं देऊळ. पाणी किती हे धरणातून किती सोडलंय त्यावर, त्यामुळे काल पाऊस पडला म्हणून आज रंधा मोठा असेल असं नाही. कठडे आहेत, तिथूनच पाहायचं. कठड्यापलीकडचा खडक तुषारांनी कायम ओला असतो आणि त्याचा उतार घळीकडे आहे.

मंगळवार

तलावाची प्रदक्षिणा. शेंडी, मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर, पांजरे, मुरशेत आणि पुन्हा शेंडी. अंतर ४० ते ४५ किमी. गाडीनं दोन तासांत होतं, आणि दोन तासांत करू नये. सकाळी साडेसातला निघून संध्याकाळी परतायचं. सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. हे अभयारण्य १९८६चं. नाक्यावर माणशी आणि गाडीचा प्रवेशकर भरून पावती घ्यावी आणि दिवसभर जपून ठेवावी. दुसऱ्या नाक्यावर तीच दाखवायची असते.

दिशा महत्त्वाची आहे. आधी रतनवाडी, शेवटी घाटघर. देवळाच्या कोरीवकामावर सकाळचं तिरपं ऊन हवं, आणि घाटघरचा कडा पश्चिमेला तोंड करून आहे म्हणून तो संध्याकाळचा. उलट गेलं तर कड्यावर सकाळी धुकं आणि देवळात दुपारचं सपाट ऊन मिळतं.

रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर पाहायला निदान दीड तास द्यावा. शिलाहार राजा झंझाने ते बांधलं असं परंपरा सांगते. शिखर भूमिज पद्धतीचं आहे. सिन्नरचं गोंदेश्वर ज्यांनी पाहिलंय त्यांना ही ठेवण लगेच ओळखू येईल: चारी बाजूंना खालपासून वरपर्यंत चढत गेलेला नक्षीचा उभा पट्टा, आणि दोन पट्ट्यांमधल्या जागेत छोट्या शिखरांच्या ओळी, वर जाताना लहान लहान होत गेलेल्या. या ओळी मोजायला खालून सुरुवात करावी. तिसऱ्या-चौथ्या ओळीपर्यंत लक्षात येतं की प्रत्येक छोटं शिखर म्हणजे मोठ्या शिखराचीच प्रतिकृती आहे. गाभाऱ्याला दोन्ही अंगांनी वाट आहे, पुढून मंडपातून आणि मागून छोट्या द्वारमंडपातून. ही रचना आपल्याकडे क्वचित दिसते. आत बाहेरचा उजेड विझल्यासारखा होतो, म्हणून दारात मिनिटभर थांबून डोळे सरावू द्यावेत. पावसाळ्यात पिंड पाण्याखाली असते. ऑक्टोबरातही गाभारा ओला असतो, पायमोजे काढूनच उतरावं.

देवळापासून थोड्या अंतरावरची पुष्करणी बरेच जण पाहत नाहीत. चौकोनी, पायऱ्यांची, आणि भिंतीत देवळ्यांसारखे कोनाडे, त्यांत मूर्ती. पाणी स्थिर असताना वरच्या काठावर उकिडवं बसलं की कोनाड्याचं छोटं शिखर पाण्यात उलटं दिसतं, मूर्ती अर्धी सावलीत आणि अर्धी पाण्यावरून परतलेल्या उजेडात हलत असते. हे फार तर दहापर्यंत, मग ऊन वर चढतं. पायरीवर पाय टाकून पाणी ढवळू नये, मागून येणाऱ्यालाही ते पाहू द्यावं.

रतनगड इथूनच चढतात. १,२९७ मीटर उंची, चढायला तीन तास, वाटेत शिड्या, माथ्यावर खडकाला आरपार पडलेलं नेढं. पण तो पूर्ण दिवसाचा बेत आहे. देऊळ, गड आणि घाटघर एकाच दिवसात कोंबणारे तिन्हींतलं काहीच धड पाहत नाहीत. कळसूबाईऐवजी रतनगड करायचा असेल तर उद्याच्या दिवसात करावा, गावातला वाटाड्या घेऊन.

रतनवाडीहून साम्रद. सांदण दरी इथली. जमिनीला उभी चीर पडावी तशी दोन कड्यांमधली घळ, काही ठिकाणी हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील इतकी अरुंद. लांबी दोनेक किलोमीटर आणि पुढे दोर लावूनच उतरावे लागणारे टप्पे. पावसाळ्यात ती बंद असते, ऑक्टोबरात उघडलीय की नाही हे नाक्यावर विचारावं. उघडी असली तरी आतल्या डोहांत पाणी असतं आणि दगड हिरवे. आकाशात गडद ढग असतील तर तोंडाशीच थांबावं. दरीत उभं राहून आकाशाचा फक्त चिंचोळा तुकडा दिसतो. मागे रतनगडाच्या अंगावर पाऊस कोसळत असेल तर तो कळत नाही, आणि ते पाणी उतरायला दुसरी वाटच नाही. नुसतं तोंडापर्यंत जाऊन, कोकणात उतरत गेलेले कडे पाहून परत येणं हेही पुरेसं आहे. दरी नीट करायची तर डिसेंबर-जानेवारीत पुन्हा यावं.

जेवण साम्रद किंवा रतनवाडीत घरगुती मिळतं, पण जाताना सांगून जावं लागतं. सोमवार-मंगळवारी गिऱ्हाईक नसतं, त्यामुळे तयार काही नसतं.

घाटघरला चारच्या सुमारास. नगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याची सगळ्यात जास्त पावसाची जागा ही. याच जिल्ह्यात पूर्वेला टँकरची वाट पाहणारी गावं आहेत. कड्यावरून खाली कोकण, उत्तरेला अलंग, मदन, कुलंग हे तीन किल्ले आणि पायाखाली एक जलाशय. तो घाटघर जलविद्युत प्रकल्पाचा खालचा तलाव. वरच्या तलावातलं पाणी खाली सोडून २५० मेगावॉट वीज करतात आणि मागणी कमी असते तेव्हा तेच पाणी पंपांनी पुन्हा वर चढवतात. ढग असतील तर काही दिसणार नाही. मग अर्धा तास वाट पाहावी, वाऱ्याचा एक झोत आला की पडदा फाटतो. कठड्याच्या टोकाला उभं राहायचं नाही, इथला वारा खालून वर येतो आणि एकदम थांबतो.

मावळतीनंतर लगेच निघावं. घाटघर ते शेंडी वीसेक किलोमीटर, रस्त्याला दिवे नाहीत, गुरं घरी परतत असतात आणि काळी म्हैस हेडलाइटमध्ये शेवटच्या क्षणी दिसते. तीस-पस्तीसच्या वर वेग नको.

बुधवार

कळसूबाई. १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. बारीतून जवळपास नऊशे मीटरचा चढ आहे. रोज चालणाऱ्याला अडीच ते तीन तास, न चालणाऱ्याला चार. 'शिड्या आहेत म्हणजे सोपं' हा गैरसमज आहे. शिड्या तीन-चार ठिकाणीच आहेत, बाकी सगळा खडा चढ पायांनीच करायचा.

पहाटे पाचला हॉटेल सोडायचं. चहा-बिस्किटांचं रात्रीच सांगून ठेवावं, कारण स्वयंपाकघर सातशिवाय उघडत नाही. माणशी दोन लिटर पाणी, एक टॉर्च, टोपी, मूठभर गूळ-शेंगदाणे, आणि एक कोरडा शर्ट पिशवीत. वर घामानं भिजलेल्या पाठीला वारा लागला की हुडहुडी भरते. बूट नवे नकोत. वाटेत गावकऱ्यांच्या झोपड्यांत लिंबू सरबत, ताक, पिठलं-भाकर मिळतं, पण आठवड्याच्या मधल्या दिवशी पहाटे त्या बंद असतात, उतरताना उघडतात. त्यांच्याकडे जरूर काहीतरी घ्यावं.

शिड्यांचा नियम साधा आहे. चढताना आणि उतरताना तोंड शिडीकडेच. उतरताना पायऱ्या उतरल्यासारखं बाहेर तोंड करून उतरतात तिथेच लोक घसरतात, कारण पाठीवरची पिशवी मागच्या गजाला अडकते आणि माणूस पुढे ढकलला जातो. दोन्ही हात मोकळे हवेत, मोबाईल खिशात. वरच्यानं शिडी सोडल्याशिवाय खालच्यानं चढू नये. पाऊस होऊन गेला असेल तर लोखंड हातातून निसटतं. रुमालानं पुसत जावं.

नवरात्रात मात्र हा बेत ठेवू नये. देवीच्या दर्शनाला आजूबाजूच्या तालुक्यांतून माणसं लोटतात, शिड्यांखाली रांगा लागतात. ती यात्रा म्हणून पाहायची असेल तर जरूर जा, निवांत डोंगर हवा असेल तर नंतर.

माथ्यावर कळसूबाईचं छोटं देऊळ, एकट्या-दुकट्यानं बसावं एवढं. दक्षिणेला तलाव पसरलेला, त्याच्या टोकाला रतनगड आणि शेजारी खुट्याचा सुळका, दूर हरिश्चंद्रगड. पश्चिमेला अलंग-मदन-कुलंग, पूर्वेला पट्टा आणि औंढा हे किल्ले. काल ज्या रस्त्यानं प्रदक्षिणा घातली तो धाग्यासारखा दिसतो. म्हणूनच प्रदक्षिणा आधी आणि शिखर नंतर, हा क्रम. आधी वर आलात तर खालच्या सगळ्या नावांना अजून ओळख नसते.

सोनकीच्या ताटव्यात बसून फोटो काढू नयेत. बसल्यावर मोडलेली फुलं बी धरत नाहीत, आणि एका रविवारी दोनशे जण बसले की पुढच्या वर्षी तिथे टक्कल दिसतं.

बाराच्या आत खाली यायचं. उतरायला दोन तास, आणि गुडघे त्यातच दुखतात. आडवी पावलं टाकत, लहान टप्प्यांनी उतरावं. संध्याकाळी सोलरच्या कडक पाण्यानं पाय शेकले की गुरुवारी गाडीतून उतरताना हाय-हुई होत नाही. उरलेली दुपार झोप.

गुरुवार

न्याहारी करून दहाला निघालं तरी चालतं. निघताना कचऱ्याची पिशवी गाडीत टाकावी. प्लास्टिकच्या बाटल्या इथे ठेवल्या तर त्या तलावाच्या काठाशीच जातात. घोटीच्या कचराकुंडीत किंवा सरळ घरी.

मुंबईकरांनी आल्या वाटेनं जावं. नाशिककडे जाणाऱ्यांना वाकडी वाट करून सिन्नरचं गोंदेश्वर पाहता येईल, रतनवाडीचं शिखर डोळ्यांत ताजं असताना. पुण्याकडच्यांनी राजूर धरावं. देवगाव याच पट्ट्यातलं, राघोजी भांगरे यांचं गाव. इंग्रज आणि सावकारांविरुद्ध लढलेल्या या महादेव कोळी वीराला १८४८ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. राजुरात पेढे घ्यायचे. दुपारच्या उन्हात गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवले तर तूप सुटतं आणि पेढा खवट होतो, तेव्हा पायाशी सावलीत ठेवावेत आणि दोन-तीन दिवसांत संपवावेत.

पुढे रस्ता प्रवरेच्या सोबतीनं उतरतो. अकोल्यात नदीकाठी अगस्ती ऋषींचं स्थान आहे, पिंपळाखाली दहा मिनिटं टेकावं. हळूहळू भात संपतो, डाळिंब, टोमॅटो, मग ऊस. संगमनेरच्या पुढे ओझरच्या बंधाऱ्यावर प्रवरेचं पाणी डाव्या-उजव्या कालव्यांत वळतं आणि श्रीरामपूर, राहात्याकडे जातं. आवर्तन सुरू असेल तर कालवा भरून वाहताना दिसतो. पाणी गढूळ, तपकिरी, संथ. चार दिवस खोलीसमोर होतं तेच. संगमनेरात एकपर्यंत पोहोचलं तर महामार्गावरच्या ढाब्यांत जेवायला जागा मिळते, दीडनंतर थांबावं लागतं.